ठरवून केलेली चूक

चिमीचा ज्वालामुखी आईने केला होता. पवनचक्कीही आईचीच. पचनसंस्था मात्र आईबाबांनी मिळून केली, आणि मोठ्या आतड्याच्या वळणावरून घरात दोन दिवस अबोला होता. विज्ञान प्रदर्शनात तिन्ही वेळा पहिलं बक्षीस चिमीला. सहावीत आली तरी पोरीला कात्री धड धरता येत नव्हती, पण शोकेसमध्ये ढाली मावत नव्हत्या.

आई विमा कंपनीत दावे तपासायची. कुणाची गाडी खरी ठोकली आणि कुणी स्वतःच हातोडीने चेपली, हे ती फोटो बघून ओळखायची. ऑफिसात तिचा दरारा होता. घरी यायची, चष्मा बदलायची आणि थर्माकोल कापायला बसायची.

या सुखात विज्ञानाच्या नव्या बाईंनी माती कालवली. पालकसभेत त्या शांतपणे म्हणाल्या, "यंदा घरून मॉडेल आणायचं नाही. मुलं जोडीजोडीने शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर क्रेन करतील. वाळूची पिशवी जमिनीवरून टेबलावर चढली पाहिजे. रीळ, फळ्या, खिळे आम्ही देऊ, दोरा तेवढा घरून आणा. क्रेन चालली तर थोडे गुण. काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, याला जास्त. आणि जोडीदाराला खरंखुरं काम मिळालं का, यालाही गुण आहेत."



"म्हणजे चुकलं नाही तर गुण जाणार?" एका मुलाचे आर्किटेक्ट वडील उठले.

"मुलांनी स्वतः केलं तर काहीतरी चुकेलच की."

"आमच्याकडे नाही चुकत," आर्किटेक्ट म्हणाले आणि खाली बसले.

चिमीच्या आईने मात्र घरी पोचेपर्यंत तोडगा काढला होता. "चुकीला गुण आहेत ना? मग चूक आपणच नीट बसवून घेऊ."

"अगं, चुकीची कसली तालीम?" बाबा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुमच्यामुळे आतडं उलटं लागलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत तालीम सुरू झाली. चूक ठरली ती अशी: दोरा बारीक घ्यायचा, पिशवी अर्ध्यावर आली की तो तुटणार. चिमीने "अरेच्चा!" म्हणायचं, कपाळाला हात लावायचा, विचार करायचा, मग दुसऱ्या खिशातला जाड दोरा काढायचा. शेवटी भाषण: "अपयशातून मला शिकायला मिळालं."

"अरेच्चा जरा मनापासून म्हण गं. पाठ केल्यासारखं वाटतंय."

"पाठच केलंय ना," चिमी म्हणाली.

राहिला जोडीदार. वर्गात एक मुलगी होती, तिच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. आजवर तिला गटात घ्यायला कुणी तयार नसायचं. आता मात्र अशा जोडीदाराला काम दिलं की गुण नक्की, या हिशोबाने तिचा भाव वधारला होता. चिमीची आई केक घेऊन तिच्या घरी गेली.

टकळीची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. दार उघडून ती केककडे बघतच राहिली. "तुम्ही चौथ्या. पाच वर्षांत हिच्या वाढदिवसाला कुणी फिरकलं नाही हो. आता ही माझी मुलगी आहे की तुमचा वशिला, तेच कळेना."

चिमीच्या आईने ओशाळून केक पुढे केला.

"मला विचारू नका. तिलाच विचारा."

टकळी आतून आली ती बोलतच. "काकू, मला काम काय देणार?"

"तू ना बाळा, नावाची पाटी धर हं. पुढेच उभी राहा, सगळ्यांना दिसशील अशी."

"पाटी खिळ्याला अडकवा. दोऱ्याचं सगळं काम मी करणार. गाठी माझ्या, गुंडाळायचंही मीच. कबूल असेल तर येते."

काकूंनी मनातल्या मनात गुण मोजले आणि कबूल केलं.

ठरलेल्या दिवशी पालक हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर बसले. मुख्याध्यापक नवे बूट घालून मुलांमधून फिरत होते. चिमीने खिळे ठोकले, तीन वाकडे, एक अंगठ्यावर. रीळ बसलं. तिने बारीक दोरा टकळीच्या हातात दिला. टकळीने तो ताणून पाहिला.

"हा गं कसला दोरा? याने बटणसुद्धा टिकणार नाही."

चिमी काही बोलायच्या आत तिने तो चार पदरी करून पीळ घातला आणि पिशवीला बांधलाही. मागे बसलेली आई खुर्चीच्या टोकाशी सरकली.

टकळी रिळाचा दांडा फिरवू लागली. पिशवी उचलली गेली. अर्ध्यावर आली. ठरल्याप्रमाणे चिमीने कपाळाला हात लावला, "अरेच्चा!" म्हणाली आणि थांबली. पिशवी थांबली नाही. ती डुलत डुलत थेट टेबलाच्या वर गेली. टाळ्या पडल्या. चिमीला रडू फुटायला आलं.

"काय चुकलं, सांगशील?" बाईंनी विचारलं.

चिमीने डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सुरुवात केली. "आमचा दोरा अर्ध्यावर तुटला. पिशवी खाली पडली. अपयशातून मला..."

"कधी तुटला?" टकळी म्हणाली. "मी धरलाय ना!"

हॉल हसला. आर्किटेक्ट सगळ्यात मोठ्याने हसले. आईने पदर नसतानाही तोंडावर ओढण्यासाठी खांद्याकडे हात नेला. आजवर तिने शेकडो बनावट अपघात पकडले होते. इतका भिकार एकही नव्हता.

"बरं, आता पिशवी खाली घ्या," बाई म्हणाल्या.

आणि इथे खरोखरच चुकलं. टकळीने गाठ अशी मारली होती की ती रिळात जाऊन रुतली. दांडा पुढे जाईना, मागे येईना.

"माझीच गाठ चुकली," टकळी म्हणाली. "आता?"

चिमीने सवयीने मागे पाहिलं. आई अर्धी उठलीही.

"ताई, बसा," बाई म्हणाल्या. आई बसली. बसावंच लागलं.

चिमीने गाठ नखाने उकरली. जमेना. मग खिळा घालून पाहिला. टकळी पिशवी वर उचलून धरत म्हणाली, "आता दोरा सैल आहे, बघ." चिमीने गाठीला दात लावले. आपली पोर दोरा चावतेय हे बघून आईला शिसारी आली, आणि पाठोपाठ, कसं कोण जाणे, तिचेही दात आवळले गेले. गाठ सुटली. तेवढ्यात टकळीच्या हातातून पिशवी निसटली, ती मुख्याध्यापकांच्या नव्या बुटावर.

"अरेच्चा!" चिमी म्हणाली. असं अरेच्चा तालमीत एकदाही जमलं नव्हतं.

दुरुस्तीचे गुण चिमीला भरपूर मिळाले. जोडीदाराच्या कामाचे गुण बाईंनी टकळीलाच द्यायला सांगितले. तिने निम्मे दिले. "काम दिलं, पण काय ठरलंय ते मला सांगितलं नाही," असं कारणही दिलं. चिमीच्या आईने दावा मंजूर केल्यासारखी मान हलवली.

बाकीचे पालक मात्र बोलले. मुलांचा वेळ वाया जातो, चुकांचं वेळापत्रक आधी मिळत नाही, शिवाय बोटाला लागतं, अशा तक्रारी गेल्या. मुख्याध्यापकांच्या पायाचं बोट अजून निळंच होतं, त्यांना त्या पटल्या. पुढच्या सत्रात घरून मॉडेल आणायची पद्धत पुन्हा आली. विषय पूल.

आई थर्माकोल घेऊन आली.

"तू राहू दे," चिमी म्हणाली. "मी आणि टकळी करतोय."

पूल झाला, डावीकडे थोडा कललेला. प्रदर्शनात त्याचा नंबर शेवटून पहिला आला. पहिलं बक्षीस आर्किटेक्टच्या मुलाला. तो मुलगा आपल्या पुलाशेजारी हात मागे बांधून उभा होता, त्याला पुलाला हात लावायची मनाई होती.

चिमीच्या आईने वाकून तो पूल बारकाईने पाहिला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाली, "फार सुरेख केलाय हो तुम्ही."

"थँक्यू!" आर्किटेक्ट खुलले. "पुढच्या वेळी दिवेही लावणार आहे."