अळंबीवाल्या मावशींचा बंकर

मित्रांनो, मी एका बंद पडलेल्या लष्करी विमानतळावरचा जुना बंकर आहे. बुटका, सहा भिंतींचा, नुसत्या काँक्रीटचा. युद्धाच्या काळात गवंड्यांनी घाईघाईने फळ्यांचे साचे उभे करून मला ओतले. त्या फळ्यांच्या रेषा अजून माझ्या अंगावर दिसतात.

बंदूक रोखण्यासाठी माझ्या भिंतींत अरुंद फटी ठेवल्या. त्या बाहेर नव्हे, आत धावपट्टीकडे पाहतात. शत्रू आकाशातून थेट तिथेच उतरेल, असा साहेबांचा होरा होता. शत्रू काही फिरकला नाही. सैनिकांनी माझ्या पोटात बसून पत्ते मात्र भरपूर कुटले. तरी अधिकारी येत, भिंतीवर थाप मारून "भक्कम आहे!" म्हणत, आणि माझ्या अंगावर उगाच मूठभर मांस चढे.

युद्ध संपले, विमाने गेली. माझ्या भावंडांचे, म्हणजे तिथल्या बाकीच्या बंकरांचे, हाल कुत्रा खाईना. कोणात कचरा साठला, कोणाचे छत झाडाच्या मुळांनी फोडले. माझे नशीब बरे, की शेजारच्या घरात अळंबीवाल्या मावशी राहायला आल्या.

अळंबीला काळोख आणि गारवा लागतो. माझ्याकडे दुसरे होतेच काय? मावशींनी मला झाडले, चुना दिला, छताच्या भेगा बुजवल्या, फटींना जाळ्या ठोकल्या आणि आत भुशाच्या पिशव्या टांगल्या. त्या अळंबीवर त्यांच्या लेकीचे शिक्षण झाले. माझ्या आयुष्यातले खरे काम तेवढेच.

मग नवा रस्ता निघाला, तो नेमका माझ्यावरून. मावशींचा जीव टांगणीला लागला. जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या एक बाई पाहणीला आल्या, तेव्हा मावशींनी त्यांना हौसेने आत आणले.

"बघा, एक थेंब गळत नाही. पोटच्या पोरासारखा सांभाळलाय."

"अहो मावशी, अख्ख्या विमानतळावर एवढा धड राहिलेला हा एकच! याला आता कोणी हात लावणार नाही."

मावशींनी खुशीत त्यांना ताज्या अळंबीची पुडी बांधून दिली.

मी वाचलो. रस्ता वळवला गेला, आणि ते वळण मावशींच्या घरावरून गेले. माझ्यातल्या पिशव्याही बाहेर काढायला लावल्या.

"पडका राहू दिला असतास, तर आज घर उभं असतं," मावशींचे यजमान, काका, सामान बांधताना म्हणाले.

"गळक्या छताखाली अळंबी आली असती होय?" मावशी म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी मला इतके नीट ठेवले नसते, तर त्या बेघर झाल्या नसत्या.

आता माझ्याभोवती दोरी आहे, पाटी आहे. शाळेच्या सहली येतात. याने विमानतळ राखला, असे शिक्षक सांगतात, आणि मला तोंड लपवावेसे वाटते. मित्रांनो, जुन्या वास्तू जरूर जपा. पण आधी शेजारच्या दारावर टकटक करा आणि आत कोण राहते ते विचारा. माझ्या वेळी कोणी विचारले नाही.

परवा मावशी आल्या. फटीत गवत उगवले होते. सवयीने ते उपटायला त्यांनी दोरीपलीकडे हात घातला.

"ओ आजी, हात लावायचा नाही!" रखवालदार ओरडला.

मावशींनी चटकन हात मागे घेतला.

"चुकलं हो," त्या म्हणाल्या.