घरीच असायची

वहिनीने माझ्या कामाबद्दल जन्मात एकदाच काही विचारलं, आणि मी तिला दशांश चिन्हासकट उत्तर दिलं. उत्तर चुकीचं होतं.

मी आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात आहे. साथीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एकच काम उरलं होतं, कोण किती मरतंय ते सांगायचं. वय, बाई की पुरुष, पोटापाण्याचा उद्योग, अशा गटांत माणसं वाटायची आणि प्रत्येक गटात हजारी किती गेली ते काढायचं. मेलेल्यांचा आकडा मृत्यूच्या फॉर्मवरून यायचा, एकूण माणसांचा कामाच्या ठिकाणच्या हजेरीपटावरून, घरी असणाऱ्यांचा जनगणनेवरून. शाळेतले अंश आणि छेद, दुसरं काही नाही. त्यातून चौदा ओळींचा तक्ता निघाला. चांगले मास्क आणि पुढे लस आधी कोणाला, हे त्या ओळींच्या क्रमाने ठरणार होतं. मी तो तक्ता फ्रेम करून भिंतीवर लावायचाच काय तो बाकी ठेवला होता.

त्यातली एक ओळ खटकत होती. इस्पितळांच्या धुलाईखान्यातल्या बायका, वय पन्नास ते साठ. चारशे बारांपैकी एक मृत्यू, म्हणजे हजारी अडीचसुद्धा नाही. आणि त्याच वयाच्या, घरी असणाऱ्या बायका हजारी चार. रुग्णांच्या चादरी उचलणाऱ्या सुखरूप आणि दार लावून बसलेल्या मरतायत! कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. आमच्या साहेबांनी खाजवलंही.

"हे उलटं नाही का रे वाटत?"

"नाही साहेब. अंगात धमक असते त्याच कामावर टिकतात. दुखणेकरी घरी बसतात, म्हणून घरच्यांचा आकडा वर."

साहेबांना पटलं. मला तर ते इतकं आवडलं की मी त्याची तळटीप केली. धुलाईखाना अकराव्या ओळीत गेला.

वहिनी त्या चारशे बारांपैकी एक होती.

नऊ वर्षांपूर्वी दादाचा छापखाना बंद पडला तेव्हा तिने हे काम तात्पुरतं म्हणून धरलं. पहाटे पाच ते सकाळी नऊ. दादाला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, हिचं काम काही सुटलं नाही. दादाने मात्र ते बाहेर कधी कबूल केलं नाही. "वहिनी एवढ्या पहाटे कुठे निघतात?" असं शेजाऱ्यांनी विचारलं की तो म्हणायचा, "फिरायला." रोज चार तास फिरणारी बाई दारात आल्या आल्या पाय चेपत का बसते, हे कोणी विचारलं नाही. घरात तरी आम्ही कुठे त्याला काम म्हणत होतो? नऊला ती यायची, चहाचं आधण ठेवायची. आमचा दिवस सुरू व्हायचा तेव्हा ती घरीच असायची.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा ती लग्न होऊन आली. माझे पाढे तिनेच पाठ करून घेतले, चुकलो की कान धरायची. मला नोकरी लागली तेव्हापासून मला ती दशांशराव म्हणायची.

तो रविवार होता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. ती हात पुसत मागे येऊन उभी राहिली. धुलाईखान्यातल्या औषधाने तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"भावजी, तुमच्या त्या तक्त्यात आम्ही कुठे बसतो हो?"

मी बोट ठेवलं ते 'घरी असणाऱ्या' या ओळीवर.

"अहो, तिथे नाही!" ती हसायला लागली. "तुम्हीसुद्धा ना! धुलाईखाना बघा."

मीही हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. सगळी चूक तेव्हाच माझ्या बोटाखाली होती, आणि तिने ती दाखवूनही दिली होती. मी फक्त बोट उचलून खाली नेलं.

"ही बघ. अकरावी ओळ. पण तुला आज काय सुचलं?"

"मुकादमबाई म्हणाल्या, पन्नाशीच्या वरच्यांना हवं तर दोन महिने घरी बसा, पटावरून नाव काढणार नाही. उद्या सांगायचंय. तुमचे दादा म्हणतात बस. मलाही वाटतं बसावं. तिथे पिशव्या उघडल्या की आपण श्वास धरायचा, पण धरून धरून किती धरणार? आणि दोघी-तिघी यायच्याच बंद झाल्यात. काय झालं कोणी धड सांगत नाही."

"दोघी-तिघी म्हणजे काही आकडा नव्हे, वहिनी. कोणी गावाला गेली असेल, कोणी घाबरली असेल. हा बघ आकडा. तू घरी बसण्यापेक्षा तिथे जास्त सुरक्षित आहेस."

"नक्की?"

"हजारी दोन पॉइंट चार."

ती वाकून पडद्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने माझ्या खांद्यावर थोपटलं.

"मग जाते बाई. उगाच दुसऱ्यांवर भार कशाला?"

तिसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला. पाचव्या दिवशी धाप लागली, म्हणून इस्पितळात नेलं. त्याच इस्पितळात, जिथल्या चादरी ती धुवायची. आम्हाला आत सोडलं नाही. अकराव्या दिवशी फोन आला. दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि मी मूर्खासारखा त्याला "पाणी हवं का, पाणी हवं का" विचारत राहिलो.

मृत्यूचा फॉर्म भरायला इस्पितळाच्या मागच्या बाजूला खिडकी होती. दादाने पेन माझ्याकडे सरकवलं. आमच्या मागे माणसांची रांग वाढत होती आणि काचेपलीकडचा कारकून एकेक रकाना भराभर विचारत होता.

"वय?"

"चौपन्न."

"काय करायच्या?"

"घरीच असायची," दादा म्हणाला.

मी लिहिलं, घरीच. ठळक, सुटं, वाचायला सोपं. फॉर्म कसा भरावा याचं प्रशिक्षण मीच तर लोकांना देत आलोय.

दोन आठवड्यांनी मी कामावर गेलो. टेबलावर त्या महिन्याचे फॉर्म गठ्ठ्याने येऊन पडले होते. काम सोपं होतं. फॉर्म उचलायचा, व्यवसायाचा रकाना वाचायचा, कॉम्प्युटरवर योग्य ओळीत एक आकडा वाढवायचा. दुपारपर्यंत मी साठेक फॉर्म उरकले. मग एक फॉर्म हातात आला आणि अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच होतं. माझी बोटं सवयीने 'घरी असणाऱ्या'ची ओळ शोधायला निघालीसुद्धा होती.

मी अकरावी ओळ उघडली. चारशे बारांपैकी एक. वहिनी गेली होती आणि त्या ओळीत अजून एकच मेली होती. चारशे बारांत तिचं नाव होतं, मेलेल्यांत नव्हतं. मग मला तिच्या त्या दोघी-तिघी आठवल्या.

त्या वयाच्या 'घरी असणाऱ्या' सगळ्या बायकांचे फॉर्म मी बाहेर काढले. शंभराच्या आसपास होते. चार दिवस एकेका घरी फोन करत बसलो.

"तुमच्या आई काय करायच्या?"

"काही नाही, घरीच असायची."

"सकाळी उठून कुठे जायच्या का?"

बहुतेक जणी खरंच घरीच असायच्या. पण मध्येच एखादा मुलगा म्हणायचा, "हां, ते होय... इस्पितळात. कपडे धुवायला." एका नवऱ्याने उलट मलाच विचारलं, "त्याला काय काम म्हणायचं का साहेब? दुपारच्या आत परत यायची." मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

फोनवर दहा सापडल्या. अकरावी माझ्या घरची. आधीची एक धरून बारा. चारशे बारांपैकी बारा, हजारी एकोणतीस. चौदा ओळींत एवढा मोठा आकडा दुसरा नव्हता. तळटीप मी पुसून टाकली. माणूस तक्त्यावर चुकतो तेव्हा ते फार सोपं असतं, एक बटण दाबलं की झालं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी धुलाईखाना पहिल्या ओळीत घेतला. दुसऱ्या दिवशी तिथे चांगल्या मास्कची खोकी गेली. साहेब म्हणाले, "बरं झालं तुझ्या लक्षात आलं. उरलेल्या वाचतील." त्यांनी मला शाबासकी दिली. मला त्यांनी झापायला हवं होतं, अगदी सगळ्यांसमोर.

फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची तर नवऱ्याची सही लागते. मी कागद घेऊन घरी आलो. दुसऱ्या सकाळी नऊ वाजून गेले होते. दादाने चहा स्वतःच टाकला होता, कडू झाला होता, आणि आम्ही दोघेही तो तसाच पीत होतो. मी कागद पुढे सरकवला. व्यवसाय: धुलाईखाना कामगार, नऊ वर्षे. दादाने चष्मा लावून तेवढी एक ओळ दोनदा वाचली.

"मी लोकांना फिरायला जाते म्हणून सांगायचो," तो म्हणाला.

"माहितीये."

"त्या रविवारी तिने तुला विचारलं होतं ना?"

"हो."

"तेव्हा, त्या दिवशी, खरा आकडा किती होता?"

तोही मी काढून ठेवला होता. त्या रविवारपर्यंत चारशे बारांपैकी आठ जणी गेल्या होत्या. त्यातल्या सात आमच्या तक्त्यात घरी बसल्या होत्या.

"हजारी एकोणीस."

"आणि तू किती सांगितलास?"

"अडीच. अडीचपेक्षा कमी."

दादाने सही केली. पेनाचं टोपण लावलं, पेन माझ्याकडे परत दिलं.

"त्या रात्री मी तिला पुन्हा म्हणालो होतो, बस घरी," तो म्हणाला. "तर मलाच हसली. म्हणाली, तुम्ही घाबरून सांगताय. भावजींनी मोजून सांगितलंय."