पुराच्या फलकावरचा फोटो

फलक पालथा होता तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. रस्ते विभागाच्या टोळीची मुकादम बाई खड्ड्यात पहार घालून खोली पाहत होती. खांब उभे करायचे, काँक्रीट ओतायचं आणि जेवायला बसायचं, एवढाच बेत होता. मग तिच्या माणसांनी फलक सुलटा केला आणि तिनं सहज नजर टाकली.

'महापुरात आपली लाँच घालून याच घाटावर एकशे चाळीस जणांचे प्राण वाचवणारे थोर लाँचमालक...' खाली फोटो. मिशांना पीळ दिलेला.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती माणसं पुरातून तिच्या सासूनं काढली होती. बावन्न वर्षांपूर्वी सासू या घाटावर होडी चालवायची. पुराच्या दिवशी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिनं बावीस फेऱ्या मारल्या. पुढे महिनाभर तिला हातात वाटी धरवत नव्हती. लाँचमालकानं मात्र आदल्या दिवशीच लाँच लांब सुरक्षित जागी नेऊन बांधली होती. हे त्या वेळच्या प्रत्येकाला माहीत होतं, पण त्या वेळचे आता उरले होते किती?

"हा मी लावणार नाही," ती सुपरवायझरला म्हणाली.

"अहो बाई, तुम्हाला लावायचाय, वाचायचा नाही."

"वाचता येतं ना, त्याला काय करू?"

"चार वाजता नगरसेवक येताहेत. त्यांच्याच आजोबांचा फलक आहे. उगाच माझ्या पोटावर पाय देऊ नका."

तिनं पहार खाली टाकली आणि घरी फोन लावला. "आई, रिक्षा करून घाटावर या. चारच्या सुमारास."

सुपरवायझरनं दुसऱ्या टोळीची माणसं बोलावून खांब टेकू देऊन कसेबसे उभे केले, वर कापड टाकलं. चार वाजता नगरसेवक आला. तिशीही न गाठलेला, कडक इस्त्रीचा. पडदा ओढायला त्यानं आपल्या आजीला आणलं होतं. थोर पुरुषाची विधवा म्हणून तिला खुर्चीत बसवलं होतं.

तेवढ्यात रिक्षातून सासू उतरली. ऐंशी वर्षांची, काटकुळी, पण आवाज अजून पल्याडच्या काठावर पोचेल असा.

"काय लिहिलंय ते मला सुनेनं सांगितलं," ती नगरसेवकाला म्हणाली. "तुझा आजोबा त्या दिवशी कुठे होता, ठाऊक आहे तुला?"

"आजी, तुम्ही बसा, आपण नंतर बोलू."

"माझ्या होडीत होता! अकराव्या फेरीला. पेटी पोटाशी धरून बसला होता. पेटी टाक म्हटलं, दोन पोरं मावतील, तर टाकेना. मीच पाण्यात फेकली ती."

नगरसेवकाचा चेहरा पडला. "कोणी आणलं यांना? काहीही काय बोलताय? पुरावा आहे का?"

"मी आहे," खुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्याची आजी उठून उभी राहिली होती. पडद्याची दोरी तिनं हातातून सोडून दिली.

"मीही त्याच होडीत होते. तुझा बाप माझ्या पोटात होता. ही बाई नसती तर हे इस्त्रीचे कपडे घालायला तू नसतास. घरात ही बढाई ऐकून घेतली आयुष्यभर. आता रस्त्यावरही ऐकू?"

सासू तिच्या खुर्चीपाशी गेली. मग सासू म्हणाली, "पेटीचं मनाला लावून घेऊ नका."

"छे! चांगलं केलंत," आजी म्हणाली. टोळीतली माणसं फिसकन हसली. फलक तसाच परत ट्रकमध्ये चढला.

मुकादम बाईची मात्र शिक्षा म्हणून गटारसफाईवर बदली झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. दोन महिन्यांनी नवा मजकूर मंजूर होऊन आला, तेव्हा मात्र ती पेटली. 'स्थानिक नावाड्यांनी धाडसाने अनेकांचे प्राण वाचवले.'

"नावाड्यांनी?" ती कार्यालयातल्या कारकुनाच्या टेबलावर हात आपटून म्हणाली. "किती होते हो हे नावाडी? मिशावाल्याचं नाव छापायला जागा होती, फोटोलाही होती, आणि माझ्या सासूच्या वेळी एकाएकी सगळे बिननावाचे?"

"बाई, असं व्यक्तिगत नाव घालता येत नाही. नियम आहे."

"हा नियम दोन महिन्यांपूर्वी कुठे गेला होता?"

कारकुनानं चष्मा पुसायला घेतला. तिनं पिशवीतून अर्ज काढला. त्याखाली सासूची सही होती, आणि तिच्या शेजारीच, थरथरत्या अक्षरात, लाँचमालकाच्या विधवेची. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला, शिक्का मारून पोच मागितली आणि भिंतीशी बाकावर जाऊन बसली.

"साहेब आज येतील का, सांगता येत नाही," कारकून म्हणाला.

"येऊ देत कधीही. मी रजा टाकलीय."