वरचा चेहरा तेवढा बदला

लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल दुपारी लागला आणि फलक छापणाऱ्या काकूंच्या दुकानाचं मागचं दार वाजलं. पुढचं दार सताड उघडं असताना मागून कोण येतं, हे काकूंना बरोबर कळत होतं. दारात वकीलसाहेब होते. त्यांच्या उमेदवाराच्या अभिनंदनाचा फलक कालपासूनच तयार होता आणि उमेदवार मात्र सपाटून आपटला होता.

"काकू, खाली आम्हा शुभेच्छुकांचे फोटो आहेत तसेच राहू द्या," वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले. "वरचा चेहरा तेवढा बदला."

"आणि त्याखाली 'आमचा एकच वाघ' लिहिलंय, त्याचं काय?"

"एकच तर आहे. फक्त आजपासून हा."

काकूंनी हसू गिळलं, कॉम्प्युटरवर जुना वाघ पुसला आणि नवा बसवला. मग डॉक्टर आले, ठेकेदार आला, महिला आघाडीच्या ताई काळा चष्मा लावून आल्या. कालपर्यंत सगळे पडलेल्या उमेदवाराच्या गाडीवर उभे राहून घसा फोडत होते. आता प्रत्येकाला नव्या वाघाखाली जागा हवी होती.

संध्याकाळी पुन्हा मागचं दार वाजलं. या खेपेला खुद्द पडलेला उमेदवारच उभा होता.

"मोठा नको," तो हळूच म्हणाला, "पण खाली शुभेच्छुकांत माझा एखादा फोटो बसेल का?"

काकूंनी पडद्यावरची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"जरा लवकर यायचं हो साहेब. तुमच्याच माणसांनी सगळी जागा अडवलीय."