मास्तरांची नागीण

"हलू नगा मास्तर. रेघ तुटली तर तिला वाट सापडंल."

शामकांत मास्तर हलले नाहीत. सदरा वर धरून, भिंतीकडे तोंड करून ते उभे होते आणि कडूबाई कालवलेल्या गेरूत बोट बुडवून त्यांच्या कमरेभोवती रेघ ओढत होती. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो. मध्ये गेरूची रेघ असली की मिळत नाही. शिंगणापुरात आणि आसपासच्या चार गावांत हे काम कडूबाईचं. पाच दिवस रेघ ओढायची, हा तिचा नेम.

"फोड काय दिसंनात मला," ती म्हणाली.

"आत आहेत."

फोड वीतभर खाली, मांडीच्या सांध्यात होते. पण हे कडूबाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हा इलाज कमरेवर चालला होता, आणि कमरेला चांगला गुण येत होता.

त्याआधी मास्तर नगरच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

"हर्पीस असावं," डॉक्टर म्हणाले होते. "कधीपासून?"

"संक्रांत झाली आणि आले. म्हणजे नागीणच ना?"

"नागीण याची चुलत बहीण. हे निराळं. एकाचं दुसऱ्याला लागतं." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाहेर कुठे जाणं-येणं?"

"गेल्या साली जनगणनेला सोनईपर्यंत गेलो होतो."

डॉक्टरांनी रक्त घेतलं. आठ दिवसांनी कागद हातात दिला.

"हर्पीसची तपासणी इथे होत नाही. ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची केली. ती नाही, एवढं तरी कळावं म्हणून."

"मग ती नाही ना?"

"तेही नक्की सांगता येत नाही. निकाल संशयास्पद आहे. कधी कधी हिवतापानेही असा येतो. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या."

मास्तरांनी आयुष्यात शेकडो पोरांना निकाल दिले होते. पास किंवा नापास. पोर संशयास्पद आहे, असं त्यांनी कोणाच्या बापाला कधी कळवलं नव्हतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इंदूखेरीज दुसऱ्या बाईकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. पण हे तिला कसं पटवायचं? केलेल्या गोष्टीचा दाखला तलाठ्याकडे मिळतो, न केलेल्या गोष्टीचा कुठेच मिळत नाही. कागद तिच्या हाती लागला, तर ती अकोल्याला माहेरी निघून जाईल. भांडणार नाही, नुसती जाईल. मास्तरांना धास्ती होती ती हीच.

आणि गावात घराला दार नाही, पेटीला कुलूप नाही. देवाचा पहारा चोरांवर. बायकोने कागद वाचण्याकडे त्याचं लक्ष नसतं. शेवटी मास्तरांनी लिफाफा जनगणनेच्या गठ्ठ्यात घातला. उरलेले कोरे फॉर्म परत न्यायला कोणी आलंच नव्हतं. लाल फडक्यात बांधून ते वर्षभर फळीवर पडले होते. सरकारी कागदाला कोणी हात लावत नाही, हा मास्तरांचा नोकरीतला अनुभव.

गावभर नागिणीची चौकशी सुरू झाली. पारावरचा पुंजाराम रोज विचारी, "मास्तर, तोंड कुठवर आलं?"

"आहे तिथंच आहे," मास्तर सांगत. एवढं मात्र खरं होतं.

रेघेच्या चौथ्या दिवशी शाळेतून येऊन त्यांनी फळीकडे पाहिलं. गठ्ठा जागच्या जागी होता. गाठ त्यांची नव्हती. मास्तर सुरगाठ मारत. ही कचकचून आवळलेली निरगाठ होती.

चुलीपुढे इंदू भाकरी थापत होती. मास्तर पानावर बसले. आता बोलेल, मग बोलेल म्हणून त्यांनी एकेक घास लांबवला.

"आमटीला मीठ कमी झालंय का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने आणखी अर्धी भाकरी वाढली. मास्तरांनी तीही खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळीच कडूबाई आली. शेवटची रेघ पुरी करून तिने बोट पुसलं.

"सुटलात मास्तर. आता न्हाई येत ती."

इंदू चहा घेऊन आली होती. कप तिने खाली ठेवला, पण आत गेली नाही.

"कडूबाई, आल्याच आहात तर मलाही ओढा एक रेघ."

"तुमाला? तुमाला कुठं हाय?"

इंदूने मास्तरांकडे पाहिलं नाही.

"कमरेलाच."

"अगं बया. कवापासनं?"

"झाले की बरेच दिवस. दिवाळीच्या आधीपासून. मधे जातं, परत येतं."

"आन् इतके दिस गप ऱ्हायला?" कडूबाईने तिला भिंतीकडे वळवलं, पदर बाजूला केला आणि वाकून पाहिलं. "तुमचं बी फोड दिसंनात मला."

"आत आहेत," इंदू म्हणाली.

कडूबाईने गेरूची वाटी उचलली. गेरू तळाला गेला होता. मास्तर उठले, तांब्या आणला आणि वाटीत थोडं पाणी घातलं.