पाळणा रिकामा न्यायचा नाही

या मित्रांनो, असे दूर उभे राहू नका. अंगावरची धूळ झटकायला मला हात नाहीत, तेव्हा ती सोसून जवळ बसा. तुम्हाला एका पाळण्याची गोष्ट सांगतो. मी पाळणा नव्हे. मी एक जुना लाकडी पेटारा आहे. पण ती गोष्ट माझ्या पोटात घडली, म्हणून सांगायचा मान माझा.

ऐनाच्या फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि वर जड झाकण, असे मला हातखंब्याच्या तिठ्यावर सुताराने घडवले. आत्माराम हुंडेकऱ्याने मला करून घेतले. खेड्यापाड्यांतली माणसे मुंबईच्या आपल्या माणसांना धाडून धाडून काय धाडणार? थोडे तांदूळ, थोडी आमसुले, पोह्यांची पिशवी. एवढ्याशासाठी ट्रक कोण करतो? म्हणून आत्माराम घरोघरची गाठोडी माझ्यात एकत्र भरी आणि मी काशीराम ड्रायव्हरच्या ट्रकवर चढून मुंबईला जाई. काल्याच्या कीर्तनाला घराघरातले दही-पोहे एकाच हंडीत पडतात ना, तसा मी. आत शिरले की तुझे-माझे उरत नसे.

एकच दुखणे होते. मी भरल्याशिवाय मला कोणी हलवत नसे.

चौऱ्याऐंशी सालचा शिमगा नुकताच सरला होता. चाकरमानी आले, पालखी नाचवली आणि परतताना आपापल्या पिशव्या स्वतःच घेऊन गेले. मग माझ्यात कोण काय घालणार? मी आ वासून उभा. प्रत्येक ट्रक मुंबईच्या अंगाला वळला की माझ्या फळ्या करकरत. बुवा कथेच्या ऐन रंगात थांबून अभंग लांबवतात, तेव्हा ऐकणाऱ्याचा जीव जसा होतो, तसा माझा रोज होई. अखेर एके दुपारी तोंडापर्यंत भरलो. काशीरामाने दोर काढला. आता निघणार, एवढ्यात सुंदराबाई आली.

डोक्यावर उपडा पाळणा, फणसाच्या लाकडाचा. घामाने भिजलेली.

"आत्माराम, हा शालनकडं पोचायला हवा. परवा बारसं हाय."

शालन तिची लेक. तिचे पहिले मूल हाती लागले नव्हते, म्हणून या खेपेला बाळंतपण मुंबईच्या इस्पितळात झाले. सुंदराबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिला स्वतःला जाता येत नव्हते.

"काकी, पेटारा भरला गो. टपावर बांधतो."

"टपावर? रिकामा? आणि रस्ताभर हलत जाऊ दे?"

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत्मारामाने जीभ चावली.

"मग तुझीच एखादी गोधडी घाल त्यात."

सुंदराबाई पायरीवर बसली. "पैल्या खेपेला गोधडी मीच धाडली होती. काय झालं ते तू बघितलंस. आता माझ्या हातचं नको. दुसऱ्या कुणाच्या घरचं भर. नायतर मी हा परत नेते."

काशीराम घड्याळाकडे बघू लागला. मी तर फळीन् फळी ताठ करून उभा. आत्माराम एकाएकी उठला आणि त्याने माझ्यातली गाठोडी भराभर बाहेर काढली. माझ्या रिकाम्या पोटात पाळणा बसवला आणि तीच गाठोडी पाळण्यात रचू लागला.

"हे राहीचं, मुंबईतल्या तिच्या लेकासाठी, बाबल्यासाठी. कुळथाचं पीठ आणि सुकट. हे नको, वास येईल."

"येऊ दे वास! कोकणातलं पोर हाय, आजच वळख होऊ दे," सुंदराबाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. पण लगेच तिचा चेहरा उतरला. "आणि मुंबईला ज्याचं त्यानं काढून नेलं की?"

हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. काशीराम दोर ओढत म्हणाला, "शेवटचं गाठोडं तुझा जावई आल्याशिवाय काढू देत नाय. मग तर झालं?"

त्या खेपेला प्रत्येक खड्ड्याला मी दचकलो. सकाळी मुंबईच्या गोदामात माझे झाकण उघडले. माणसे येत गेली, गाठोडी उचलत गेली. पाळण्याचा तळ दिसू लागला आणि जावयाचा पत्ता नाही. उरले एकट्या राहीचे गाठोडे. तोच बाबल्या आला, गिरणीच्या पाळीला निघालेला, घाईत. काशीरामाने त्याला सगळे सांगितले.

"म्हणजे माझी सुकट पाळण्यात झोपवलीत? अंगाई पण म्हणलात काय?"

तो थट्टा करून हसला, भोंग्याची वेळ झाली म्हणून चुळबुळला, दारापर्यंत गेला, परत आला. शेवटी माझ्या कडेला टेकून बसला. पाळी गेली. मग हरिश्चंद्र जावई धापा टाकत पोचला.

"घ्या तुमचं सामान काढून," तो ओशाळून म्हणाला. "मी असलं काही मानत नाही."

"मी तरी कुठं मानतो? आमच्या वाडीत कोणीच मानत नाय," बाबल्या उठत म्हणाला. "पण ती म्हातारी मानते ना. धरा तिकडून."

दोघांनी दोन टोके उचलली आणि गाठोड्यासकट पाळणा गर्दीत दिसेनासा झाला. मी मात्र रिकाम्या पोटी परतलो, काही न कळता, तळमळत.

काशीराम पुढची खेप करून आला, तेव्हा सुंदराबाई तिठ्यावर वाट पाहतच होती. तिने एकच विचारले, "मधे रिकामा नाय ना झाला?"

"नाय काकी. बाबल्या बारशापर्यंत गाठोडं न्यायलाच गेला नाय. त्या दिवशी त्यानं ते उचललं आणि त्याच दमात शालननं पोर ठेवलं. मधे वारापण शिरला नाय."

सुंदराबाईने माझ्या झाकणावर डोके टेकले. माझ्या फळ्यांना तेवढाच एक नमस्कार लाभला, आणि तो माझा नव्हता.

आता मी तिठ्यावरच्या गोदामाच्या कोपऱ्यात आहे. माझ्यात कोंबडी बसते. तक्रार नाही. मित्रांनो, कोणाचे गाठोडे पोचवायला घ्याल, तेव्हा त्याला बांधलेली काळजीही जपून न्या, ती तुम्हाला पटो न पटो. आणि कुठे पाळणा हलताना दिसला, तर त्या बाबल्याची एकदा आठवण काढा.