पायाचा ठसा

बजरंगनं कॅश काउंटरसमोरच चप्पल काढली तेव्हा मी ओरडणारच होतो. बँक म्हणजे काय देऊळ आहे का, हे जिभेवर आलंही होतं. मग शर्टाच्या बाह्या दिसल्या. दोन्ही मनगटापासून रिकाम्या, सेफ्टी पिना लावून दुमडलेल्या.

मी अनंत, वारज्यातल्या या शाखेचा सुरक्षारक्षक. अकरा वर्षं दारात उभा आहे, माझं खातंही इथलंच. एका कारखान्यात प्रेस मशीननं बजरंगचे हात नेले, त्याची भरपाई त्याच्या खात्यात पडून होती. त्यातून त्याला कृत्रिम हात बसवायचे होते, मापंही दिलेली होती. हात नाहीत म्हणून पैसे निघेनात आणि पैसे निघेनात म्हणून हात मिळेनात. घ्या.

नियम होता. पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, तो कागद नोटीस बोर्डावर मीच लावलेला. पण बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत. बजरंग परभणीकडचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, इथे त्याला कोण ओळखणार? मॅनेजर गोपाळकृष्ण साहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका, तुमचं कंत्राट आहे. मी भाजल्या नाहीत.

चौथ्या खेपेला तो माझ्यापाशीच येऊन थांबला.

"दादा, हात गेलेत, मी तर हाय ना. तुम्ही बी मला वळखत न्हाई का?"

ओळखत होतो की. मी म्हणालो, रांगेत उभे राहा. सांगायला लाज वाटते, पण तसंच म्हणालो.

पाचव्यांदा धाकटा भाऊ दिग्विजय सोबत होता. साहेबांनीच सुचवलं होतं, भावाचं नाव खात्याला जोडा, तो सही करेल, कटकट मिटेल. त्या अर्जालाही तोच ठसा, तेच दोन साक्षीदार. या वेळी ते दोन मिनिटांत सापडले. एक कॅशियर, दुसरा मी. साहेबांनी हाक मारली आणि मी पेन घेऊन गेलो.

"हाताचे पैसे काढून देईल ना हा?" बजरंगनं मला विचारलं, भावाला नाही.

"देईल की. सख्खा भाऊ आहे."

महिनाभरात त्या पैशांतून दिग्विजयचा टेम्पो आला. हात आलेले नाहीत.

त्या दिवशी, भावाचं नाव जोडताना, मी अर्ज फरशीवर ठेवला, शाईचं पॅड धरलं, त्यानं अंगठा टेकवला. कागद उचलायला वाकलो, तर म्हणाला, थांबा दादा. कागदाला पाय लागला की आपण हात लावून कपाळाला लावतो. तो गुडघ्यांवर बसला, वाकला आणि कपाळच कागदावर टेकवलं. उठला तेव्हा कपाळावर जांभळी शाई होती आणि ठसा फिसकटला होता.

साहेब म्हणाले, नवा अर्ज घ्या.

त्यानं पुन्हा पाय पुढे केला, पुन्हा ठसा दिला. पुन्हा गुडघ्यांवर बसला. या वेळी शाई वाळेपर्यंत थांबला, मग वाकला.

खाली मी सही केली.